तांबोशीचं डोकं

अंगठ्यात कचकन काहीतरी रुतलं तेव्हा मालनला वाटलं, काटाच असणार. काट्यांचं तिला नवल नव्हतं. खाडीकाठी जन्मलेल्या बाईच्या बोटांवर काट्यांच्या खुणा असायच्याच, इतर बायांच्या हातावर गोंदण असतं तशा. पण हा काटा सोडेना. कल्ले उपटायला तिनं तांबोशीच्या घशात अंगठा आणि बोट घातलं होतं आणि आता अंगठा बाहेर यायला तयार नव्हता; ओढला की कळ जायची, आत ढकलला की सैल पडायचं, जणू मासा मेल्यावरही आपलं म्हणणं पुरं केल्याशिवाय तिला सोडणार नव्हता. सिंकमध्ये माशाचं रक्त आणि तिचं रक्त एकाच रंगानं जाळीकडे चाललं होतं. तिनं कोपरानं नळ बंद केला, माशाचं डोकं ट्यूबलाइटखाली तिरकं धरलं, अंगठा अलगद सोडवून घेतला आणि आत पाहिलं. जिभेच्या मुळाशी, जबड्याचं मांस फोडून, काळपट पोलादाचा एक बाक चमकत होता आणि त्याला वीतभर तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, लोंबत होता. गरी. मालन तशीच उभी राहिली. सतराव्या मजल्यावरच्या त्या खिडकीतून शिवडीच्या बाजूचा समुद्र दिसतो, दोन टॉवरांच्या मधून, पदराच्या काठाएवढा. संध्याकाळी तो काठ जांभळा झाला होता. बाहेरच्या खोलीत नवऱ्याचे दोस्त हसत होते, मुलगी हसत होती. लग्न झाल्यापासून दर हिवाळ्यात जयवंतनं आणलेला मासा तिनं याच हातांनी साफ केला होता. गरी आज पहिल्यांदा निघाली होती.

जयवंत, लवू आणि हितेंद्र हे तिघे काळाचौकीच्या एकाच चाळीत वाढलेले. मार्गशीर्ष संपला, घरोघरचं सोवळं सुटलं, की येणाऱ्या पहिल्या रविवारी तिघे मासे गरवायला जायचे. एका हिवाळ्यात समुद्र, पुढच्या हिवाळ्यात गोडं पाणी, म्हणजे कर्जतच्या बाजूचा एखादा तलाव नाहीतर धरणाचं अडवलेलं पाणी. हा पाळीचा नेम लवूनं मागाहून घालून दिला होता आणि का, ते लवूलाही आठवत नव्हतं. पहाटे माकडटोप्या घालून निघायचे, संध्याकाळी मासा दोरीला लोंबकळवत यायचे, आणि मालननं तो रांधला की सगळ्यांनी तिच्याकडेच बसून खायचा. जयवंत लिफ्टचा मेकॅनिक. वर्षभर लोकांना वरखाली नेणाऱ्या पेट्यांच्या ग्रीसमध्ये हात घालून बसणारा, बोलायला चिक्कू माणूस. पण त्या एका संध्याकाळी तो असा बोलायचा! वारा कसा फिरला, तंगूस कसा ताणला, होडी कशी कलली. दोन्ही हात पसरून मासा केवढा ते दाखवायचा, मासा समोर ताटात असला तरी. जिथे तो अडेल तिथे लवू आणि हितेंद्र पुढचं वाक्य पुरवायचे. आणि यातला एकही मासा त्यांनी गरवलेला नसायचा. एकही नाही. सगळे विकतचे.

हे खूळ सुरू झालं मालनच्या माहेरी, आचऱ्याजवळच्या खाडीवर. लग्नानंतर जयवंत पहिल्यांदा सासुरवाडीला गेला तेव्हा मालनच्या धाकट्या भावानं सकाळीच होडी काढून, खास दाजींसाठी म्हणून, एक तांबोशी गरवून आणली. दुपारी पंगत बसली. माशाचं डोकं, लाल आमटीत बुडालेलं, तिरफळांचा वास उडवत वाडग्यातून निघालं. जयवंतनं हळूच ताट पुढे सरकवलं. जावई होता, मान त्याचा. मालनच्या वडिलांनी, अप्पांनी, वाडगा त्याच्या ताटावरून तसाच पुढे नेला आणि डोकं पोराच्या ताटात उतरवलं. “जावयबापूनु, मान तुमचोच,” ते हसत म्हणाले, “पण जेना गरवल्यान, तेका डोक्या. जावय असो नायतर राजा असो.” आणि जयवंतच्या ताटात मधल्या तुकड्यांची रास घातली. घरचा रिवाजच होता तो. सगळे हसले, जयवंतही हसला. पण दाराआडून वाढायला आलेल्या मालनला त्याचे कान दिसले. लालबुंद झाले होते. गिरणगावात जन्मलेला, समुद्र म्हणजे शिवडीचा चिखल एवढंच ठाऊक असलेला माणूस. परतीच्या एसटीत तो बोललाच नाही. पनवेल आल्यावर एकदम म्हणाला, “लवूच्या ओळखीचा एक होडीवाला आहे.” बस्स, तिथून.

पहिल्या हिवाळ्यात तिघे हात हलवत परत आले. जयवंतची आई चाळीच्या गॅलरीत तांदूळ निवडत बसली होती. “इलो गो माझो दर्यावर्दी!” ती शेजारणींना ऐकू जाईल अशी म्हणाली, “जिन्यावर पाय घसरता नि चललो समुद्र घुसळूक!” चाळीला आठवडाभर पुरलं ते. पुढच्या खेपेला जयवंत आला तो दोरीला ओवलेली पापलेटांची जोडी हलवत. “गरीला लागली,” म्हणाला. मालन ती नळावर घेऊन गेली. पापलेट! जाळ्यातला मासा. त्याचं ते चिमुकलं, रुसलेल्या पोरासारखं तोंड. त्यात गरी शिरणार कुठून? तरी तिनं अंगठ्यानं जबडा चाचपला, माहेरी चाचपायची तसा, कारण राहिलेली गरी खाणाऱ्याच्या घशात जाते. भोक नाही, ओरखडा नाही; कल्ल्यांत बर्फाचा चुरा मात्र होता. तिनं मान वर केली तर समोर सासू. म्हातारी वेंगुर्ल्याकडची, तिला पापलेट कुणी शिकवायला नको. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून सासूनं तिच्याकडे असं बरोबरीनं कधी पाहिलं नव्हतं. मग म्हातारी गॅलरीभर ओरडली, “बरी मोठी गावली गो माझ्या झिलाक!” आणि खालच्या आवाजात, “तो बर्फ आधी धुवन टाक.” त्या दिवसापासून सासू-सुनेचं जमलं ते म्हातारीच्या शेवटापर्यंत. पुढे केव्हातरी लालबागच्या बाजारातल्या गंगुबाई कोळिणीनंही आपणहून सांगून टाकलं, “तुझा नवरा लय नखऱ्याचा गो. पिशवी नको म्हणतो. कल्ल्यातून दोरी ओवून दे म्हणतो, खऱ्यासारखी.” मालन हसली आणि कोथिंबीर घेऊन घरी आली. तिचं दुखणं एकच होतं: विकतचा मासा कोळीण साफ करून, तुकडे करून देते, हा मात्र गरवलेला म्हणून अख्खाच्या अख्खा यायचा, आणि खवलं काढत बसायची ती.

आणि आणखी एक गोष्ट ती करत आली होती, कुणाला न सांगता. वाढताना मधले तुकडे, पोटाकडचा मऊ भाग, सगळं चांगलंचुंगलं जयवंतच्या ताटात घालायची. डोकं नाही. डोकं सासूला, सासू गेल्यावर स्वतःला. खोट्याला तिची ना नव्हती, खोट्याला तिनं फोडणीसुद्धा दिली होती. पण डोकं खोटं वाढायला तिचा हात वळत नसे. जयवंतनं ते कधी मागितलं नाही. वाडगा त्याच्या ताटावरून पुढे जायचा तेव्हा तो पाण्याचा ग्लास उचलायचा आणि वाडगा जाईपर्यंत पीत राहायचा.

“साडेनऊला लागला,” बाहेर लवू सांगत होता. “कुठे रे, अकरा वाजून गेले होते,” हितेंद्र म्हणाला. “अकराला तू घोरत होतास!” “मी? अरे टोपली कोणी धरली मग?” “टोपली नंतर. आधी तू बोंबललास, साप साप करून.” “लाल दिसलं रे एकदम पाण्यात. आणि जयाचा तर आवाजच बंद. मला वाटलं ह्याला ॲटॅक आला.” मालनची मुलगी रुपाली हसून लोळत होती. लोअर परळच्या ऑफिसात दिवसभर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकणारी ही पोरगी वर्षातून एकदा काकांच्या गोष्टी ऐकायला सुट्टी राखून ठेवायची. “काका, दरवर्षी तुमची स्टोरी कसली टाइट असते! या वर्षी रिहर्सल नाही झाली का?” “अगं रिहर्सल कसली, खरंच सांगतोय!” “ते तर दरवर्षी खरंच असतं.” मालन माशाचं डोकं हातात धरून ऐकत होती. पोरगी बरोबर बोलली होती, तिला स्वतःला कळलं नव्हतं एवढंच. इतकी वर्षं तिघांचं एकमेकांशी तंतोतंत जुळायचं; वारा, वेळ, माशाची पहिली उसळी, सगळं. आज पहिल्यांदा काही जुळत नव्हतं. खऱ्याला तीन तोंडं होती आणि ती एकमेकांवर ओरडत होती. “जया, तू सांग ना बाबा,” लवू काकुळतीला आला. “असू दे रे,” जयवंतचा आवाज आला. “शेंगदाणे खा.” “असू दे काय? माझी शेवटची खेप ही. मार्चमध्ये सामान गेलं की मी कणकवलीला. मग काय तिथे गड नदीत एकटा गरवू? शेवटच्याला लागला आणि हा असू दे म्हणतोय! रुपाली, ऐक. गरी पार गिळली होती त्यानं. मी पकडीनं काढणार होतो, तर तुझा बाप म्हणतो, राहू दे. तंगूस वीतभर ठेव आणि काप.”

राहू दे म्हणाला. मालनच्या बोटांतून डोकं सिंकमध्ये निसटलं. खोट्या माशांना तो दोरी ओवायचा, चाळीला, जिन्याला, वॉचमनला दिसावी अशी. खऱ्याला त्यानं काहीच केलं नव्हतं. फक्त गरी ठेवली होती, तीही अशा ठिकाणी, की जो मासा साफ करील, जबड्यात अंगठा घालील, त्यालाच ती सापडावी. म्हणजे ती तिच्यासाठी होती. म्हणजे ती दर हिवाळ्यात तिथे चाचपते हे त्याला ठाऊक होतं. कधीपासून? त्या पापलेटांपासून? इतकी वर्षं ती समजत होती की दाराआडून आपण बघतोय आणि तो पंगतीत बसलाय. तिला कधी वाटलंच नव्हतं की त्या पंगतीतूनही दार दिसतं. ग्लास उचलून पाणी पिणारा तो माणूस तिला आठवला, एका मागोमाग एक हिवाळ्यांत, केस पांढरे होत चाललेला, वाडगा जाईपर्यंत ग्लास तोंडाला लावलेला. पाणी संपलं तरी.

ती एकदाच त्यांच्याबरोबर गेली होती. रुपाली शाळेत होती आणि पाळी गोड्या पाण्याची होती. पहाटेच्या धुक्यात तलाव दिसतच नव्हता, नुसता थंड वास येत होता, ओल्या पाटीसारखा. आमिषाची कणीक तिनंच मळली होती, हळद आणि हिंग घालून. त्या सगळ्या उद्योगातली तेवढी एकच गोष्ट प्रामाणिक होती असं ती मनात म्हणायची. तिघे काठावर ओळीनं बसले. पाण्यात तीन पिसं उभी, गरीच्या दोऱ्याला बांधलेली, हलली तर मासा. हलली नाहीत. ऊन आलं, धुकं गेलं, पलीकडच्या काठावर म्हशी आल्या, पिसं तशीच. मालनला आधी हसू आलं, मग कंटाळा आला, आणि मग तिचं लक्ष जयवंतच्या चेहऱ्याकडे गेलं. असा चेहरा तिनं पाहिला नव्हता. घरी, दारी, झोपेतसुद्धा तो कशाचा तरी कानोसा घेत असायचा: मोटरचा, फोनचा, मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसाच्या हाकेचा. तिथे तो कशाचाच कानोसा घेत नव्हता. पाणी स्वस्थ, पीस स्वस्थ, माणूस स्वस्थ. दोऱ्यावर टेकवलेलं एक बोट तेवढं जागं. मासा हे नुसतं निमित्त आहे हे तिला तेव्हा कळलं. या स्वस्थपणातून परत घरी यायला माणसाला हातात काहीतरी लागतं. पण निघायच्या वेळी त्यानं तंगूस गुंडाळला तो फार सावकाश, आणि दोनदा वळून पाण्याकडे बघितलं, उधारी बुडवून पळालेल्या माणसाच्या दाराकडे बघावं तसं. हवा होता त्याला. खरा, एक तरी. त्या दिवशी बायको बरोबर म्हणून बाजारात थांबायची सोय नव्हती. “मालन आली म्हणून लागला नाही,” त्यानं चाळीत जाहीर केलं, आणि ते खापर तिनं खुशाल आपल्या डोक्यावर फोडून घेतलं.

जयवंत स्वयंपाकघरात आला. फ्रीज उघडला, बाटली काढली, प्यायला नाही. उन्हानं आणि वाऱ्यानं तोंड रापलं होतं, भुवयांत मिठाची पांढरी कणी होती. “लागलं?” तो तिच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला. तिनं त्यावर हळद दाबून धरली होती. आणि मालनच्या तोंडून सवयीनं गेलं, “काही नाही हो, काटा.” परळच्या एका लॅबमध्ये ती काउंटरवर बसते, लोकांच्या हातात रिपोर्टची पाकिटं देते. आत काय आहे ते कधीकधी तिला ठाऊक असतं, आणि समोरचा माणूस पाकिटाच्या आधी तिचा चेहरा वाचायला बघतो. म्हणून चेहरा कोरा ठेवायचा, हीच खरी नोकरी. तोच कोरा चेहरा आता तिच्या तोंडावर चढून बसला होता आणि उतरत नव्हता. “मोठा आहे ना?” जयवंतनं विचारलं. “छान गावलाय,” ती म्हणाली. झालं! हेच दोन शब्द ती दरवर्षी म्हणायची. पापलेटाला म्हणाली होती, बर्फातून आलेल्या राहू माशाला म्हणाली होती, एकदा तर कोळिणीनं चुकून अर्धी खवलं काढून दिलेल्या रावसालाही म्हणाली होती. जयवंतनं मान हलवली. बाटली तशीच परत ठेवली. दारापर्यंत गेला, थांबला, आणि चौकटीवरून बोट फिरवत म्हणाला, “खाली कुणीतरी बटण दाबल्यासारखं झालं बघ.” “काय?” “बोटाला. लय खालच्या मजल्यावरून. वर यायचंय म्हणून.” आणि बाहेर गेला.

तिला ओरडून त्याला परत बोलवावंसं वाटलं. इतक्या वर्षांच्या गोष्टींत वारा होता, वादळ होतं, कुठून कुठून ऐकलेली नाखव्यांची भाषा होती. त्यात कधी लिफ्ट नव्हती, कधी बटण नव्हतं. खोटं सांगताना त्यानं स्वतःचं काही वापरलंच नव्हतं. आणि आज स्वतःचं उघडून दाखवलं तर तिनं त्याच्या हातावर ते झिजलेलं, गुळगुळीत ‘छान गावलाय’ ठेवलं. खोटं बोलून त्याचा शब्द जेवढा स्वस्त झाला होता, तेवढाच ऐकून घेऊन तिचा झाला होता. आता खऱ्या माशाला दाद द्यायची तर तिच्याजवळ अख्ख्या मराठी भाषेत एक कोरा शब्द शिल्लक नव्हता. ‘हा खरा आहे’ म्हणावं? मग बाकीचे? आणि गप्प राहावं, तर ही तांबोशी त्या बर्फातल्या माशांच्या रांगेत जाऊन पडणार, लवू कणकवलीला जाणार, आणि जयवंत पुन्हा काही होडीत बसणार नाही. तेवढं ती त्याला ओळखत होती. तिला सासूची फार आठवण झाली. म्हातारी असती तर आत्ता या सिंकपाशी दोघींनी डोक्याला डोकं लावून त्या जबड्यात बघितलं असतं. ‘आई, खरा आहे हो,’ ती मनात म्हणाली, ‘भोक आहे. बघा, आरपार आहे. तुमच्या झिलाक गावलो.’ आणि एकटीच, हळद लागलेल्या हातानं तोंड झाकून, हसली. डोळ्यांत हळद गेली असावी, पाणी आलं.

मग ती कामाला लागली. विळीवर तांबोशीचे तुकडे पाडले. दरवर्षी डोकं उभं चिरून दोन भाग करायची, आमटी आत शिरावी म्हणून. आज चिरलं नाही. गरी पकडीनं सोडवली, घासून धुतली आणि खिडकीत ठेवली. वाटण परतलं, आमसुलं टाकली, तिरफळं ठेचून टाकली. डोकं सगळ्यात मोठ्या टोपात सोडलं. हे एक डोकं वाढलं की आजवरची न वाढलेली सगळी डोकी वर मान काढून बघणार, लवूकडे, हितेंद्रकडे, जयवंतकडे. ज्या गोष्टीवर हे घर इतके हिवाळे हसलं ती गोष्ट पुन्हा तशी राहणार नाही. कदाचित जयवंत उठून जाईल. टोपातला रस्सा एकदा खदखदला आणि डोक्यावरून गेला, तेव्हा अप्पांचा हात तिला आठवला, वाडगा धरलेला, जावयाच्या ताटावरून न थरथरता पुढे गेलेला. तो रिवाज जावयाला खिजवायला नव्हता हे तिला इतक्या वर्षांनी, गॅसपाशी उभी असताना कळलं. न गरवणाऱ्याला डोकं द्यायचं नाही, ते गरवणाऱ्याला देता यावं म्हणून.

जेवायला सगळे खालीच बसले. टॉवरमध्ये आल्यावर डायनिंग टेबल आलं होतं, पण त्याच्यावर इस्त्रीचे कपडे असत. मालननं भात वाढला, सोलकढीच्या वाट्या मांडल्या, तुकडे वाढले. लवूला, हितेंद्रला, रुपालीला. जयवंतच्या ताटात नुसता भात होता. ती आत जाऊन वाडगा घेऊन आली, आणि वाडगा दिसताच जयवंतनं पाण्याचा ग्लास उचलला. मालन त्याच्या ताटासमोर उभी राहिली. तो पीत राहिला. ती उभीच. ग्लास संपला तरी त्यानं तो तोंडापासून काढला नाही. “ग्लास खाली ठेवा,” मालन म्हणाली. त्यानं ठेवला. तिनं दोन्ही हातांनी वाडगा तिरका केला आणि अख्खं डोकं, लाल रश्श्यात न्हालेलं, जबड्याचं भोक त्याच्या बाजूला करून, भाताच्या मधोमध उतरवलं. शेजारी, मिठाच्या जागी, धुतलेली गरी ठेवली.

“आई? डोकं तुझं असतं ना?” रुपाली म्हणाली. “जेना गरवल्यान,” मालन म्हणाली, आणि आवाज अप्पांसारखाच खणखणीत निघाला, “तेका डोक्या.”

लवूचा घास हातातच राहिला. हितेंद्र लवूकडे बघू लागला, मग भाताकडे. जयवंत डोक्याकडे बघत होता. त्याचे कान हळूहळू लाल होत गेले, आधी पाळ्या, मग वरपर्यंत, आणि मालननं ते यावेळी दाराआडून नाही, समोर उभं राहून पाहिलं. “म्हणजे वहिनी,” लवू चाचरत म्हणाला, “म्हणजे... आजवरची...”

“आजवरची मी खाल्ली,” मालन म्हणाली. “काही आईंनी खाल्ली. चांगली होती. गंगुबाईनं तुम्हाला कधी शिळं नाही दिलं.”

आधी हितेंद्रला ठसका लागला. मग लवूनं फरशीवर थाप मारली, एक, दोन, आणि मग थापाच मारत सुटला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “आईंना पण? म्हातारीला पण ठाऊक?” “पापलेटापासून.” “मेलो! हितू, आपण दोरी ओवत बसायचो रे बाजारात!” “थांबा थांबा,” रुपाली ओरडत होती, “म्हणजे पापलेट खोटं? राहू पण? मी शाळेत निबंध लिहिला होता त्या राहूवर!” जयवंत हसत नव्हता. त्यानं डोकं बोटानं थोडं वळवलं, जबड्यातलं भोक शोधलं आणि करंगळीचं टोक त्यात घालून बघितलं, नव्या लिफ्टच्या पॅनलमध्ये बघतो तसं. मग वर मान करून मालनकडे बघितलं. तिचा चेहरा आता कोरा नव्हता. तो कसा झाला आहे ते तिला ठाऊक नव्हतं आणि तिनं सावरलाही नाही.

“हे खायचं कसं?” तो म्हणाला.

खरंच की. आयुष्यात त्यानं कधी माशाचं डोकं खाल्लं नव्हतं. मालन पदर खोचून त्याच्या शेजारी बसली. “गाल आधी,” तिनं सांगितलं. “डोळ्याच्या खाली बोट घाला. असं नाही, आत. येतंय बघा, वाटीसारखं निघतं.” निघालं. पांढरं, टपोरं, आमटीत ओलं. त्यानं ते तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. लवू आणि हितेंद्र हसायचे थांबले, होडीत थांबले असतील तसे. मग जयवंतनं दुसरा गाल काढला आणि तिच्यापुढे धरला. मालननं त्याचा हात परत ताटाकडे वळवला. “अं हं. अख्खं तुमचं.” त्यानं तोही खाल्ला, बोटं चाटली, मिठाच्या जागची गरी उचलून उजेडात धरली, पुन्हा ठेवली, आणि मांडी बदलून ऐसपैस बसला.

“तर झालं काय,” जयवंत म्हणाला, आणि रस्सा ओघळणारे दोन्ही हात, लवूचं ताट आणि हितेंद्रचं नाक चुकवत, जमतील तेवढे लांब केले.